"पीसी चालू शे ना भाऊ!"

डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात आपल्या खान्देशी मंडळींची एम्ब्रॉयडरीची छोटी-मोठी खाती बरीच आहेत. बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना पीसी असतो. त्याच्यावरच टॅली, त्याच्यावरच जीएसटीचं रिटर्न, त्याच्यावरच डिझाइन पंच करायचं सॉफ्टवेअर आणि दुपारी पोरांचं यूट्यूबही त्याच्यावरच. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. दिवाळी आठवड्यावर आलेली, तेव्हा कुणाला सवड असणार! आता विषय काढला तरी उत्तर ठरलेलं : "पीसी चालू शे ना भाऊ!"

चालू आहे, खरंच. सपोर्ट संपला म्हणून पीसी बंद पडत नाही. फक्त यापुढे त्यात जी भोकं सापडतील ती कंपनी आपणहून बुजवणार नाही. मे 2017 मधला वॉनाक्राय आठवतो? फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायचा आणि एका पीसीतून नेटवर्कवरच्या दुसऱ्यात आपोआप शिरायचा. विंडोज 7 साठी त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता; ज्यांनी टाकला नाही ते अडकले. एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपलेला, त्याला अपडेट मिळाला तो हल्ल्यानंतर. आपल्याकडे असं झालं तर मशीनला काही होणार नाही. कुठल्या व्यापाऱ्याकडे किती बाकी आहे तो हिशोब जाईल, आणि वर्षानुवर्षं जमवलेली डिझाइनं.

म्हणून नव्या पीसीच्या आधी बॅकअप. टॅलीचा डेटा आणि डीएसटी फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर तीही कुलूपबंद होईल.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं फुकट अ‍ॅप चालवलं की आपला पीसी चालेल का ते कळतं. चालत असेल आणि विंडोज 10 ओरिजिनल असेल, तर अपग्रेडचे वेगळे पैसे नाहीत. नसेल तर मुदतवाढ विकत मिळते : धंद्यासाठी पहिल्या वर्षी दर पीसीला 61 डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, फार तर तीन वर्षं. तिन्हींचे 427 डॉलर होतात. तेवढ्यात नवा पीसी येतो, मला हा सौदा पटत नाही. (घरच्या पीसीसाठी स्वस्त योजना वेगळी आहे, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत.) आणि कुणी "क्रॅक टाकून सपोर्ट वाढवून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

खरी अडचण पंचिंगची. डोंगल जुनं, व्हर्जन जुनं, विंडोज 11 वर चालेल याची खात्री नाही आणि नवं सॉफ्टवेअर महाग. माझं मत असं की तो पीसी तसाच राहू द्या, पण त्याचं इंटरनेट कायमचं काढा. डिझाइन मशीनला पेन ड्राइव्हनेच देता ना? मग तो पेन ड्राइव्ह फक्त त्याच कामाचा ठेवा, त्यावर पिक्चर नको. ग्राहकाचं डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर आधी नव्या पीसीवर उघडून, स्कॅन करून मग इकडे आणा. टॅली, बँक, जीएसटी सगळं नव्यावर.

आणि हे सगळं करायला बसाल तेव्हा पंचिंगवाल्या पोराला शेजारी बसवा. कुठलं डोंगल कशाचं, हे बहुतेक खात्यांत त्याला एकट्यालाच माहीत असतं.