साठ मीटर

खाणीवर कविता लिहिणाऱ्या दोस्तांनो, आधी एक आकडा पाठ करा. साठ मीटर.

कोळसा खाणींच्या १९५७ च्या नियमावलीत हा आकडा होता. पाणी साचलेल्या, टाकून दिलेल्या जुन्या खाणीपासून साठ मीटरच्या आत खास परवानगीशिवाय कोळसा काढायचा नाही. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. परवानगी मिळाली तरी पुढं भोकं पाडत, पाणी कुठं आहे ते चाचपत जायचं. एवढं साधं. यात ना प्रतिमा, ना प्रतीक. पण या साठ मीटरात किती माणसं बुडाली ते मोजलं, तर आपल्या सगळ्यांच्या काळोखाच्या कविता तोकड्या पडतील.

परवा आपल्याच पोरांच्या काव्यवाचनाला बसलो होतो. पाच कविता खाणीवर. पाचांत काळोख, पाचांत धरतीमाय, पाचांत घामाचं सोनं. टाळ्या पडल्या. मी उठून विचारलं, बाबांनो, खाणीत हवा कुठनं येते? पाणी कुठं जातं? छत कशावर उभं राहतं? कुणालाच ठाऊक नाय. एक जण म्हणाला, "ते इंजिनियरचं काम, आपलं काम वेदना मांडायचं."

वा रे पठ्ठ्या! ज्ञान त्यांचं, वेदना आपली. ही वाटणी पहिल्यांदा कुणी केली हे आंबेडकरी पोराला सांगायला लागावं? धर्मसूत्रानं कानात शिसं ओतायची धमकी दिली, आन् तू आपल्याच हातानं बोळे घालून बसलास.

तर ऐका. कोळशाचे थर जमिनीत एकाखाली एक असतात, तिरपे असतात. वरचा थर खणून संपला की मालक तो सोडून देतो. पोकळी तशीच राहते. पावसाचं पाणी, झिरपणारं पाणी त्यात वर्षानुवर्षं भरत जातं. मग खालचा थर खणायला माणसं उतरवतात. म्हणजे डोक्यावर तलाव आणि खाली पाळी चालू. मधे काय? एक भिंत. दहा मीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब देतं. शंभर मीटर पाणी असलं तर दर चौरस मीटरला शंभर टन. घराच्या दाराएवढ्या तुकड्यावर दोनशे टन रेटा धरा. तो रेटा त्या भिंतीनं रात्रंदिवस थोपवायचा.

आता गंमत बघा. ती भिंत असते कोळशाचीच. म्हणजे ती विकता येते. भिंत जाड ठेवली की तेवढा माल आत राहिला, टनाचा आकडा घटला. भोकं पाडत पुढं गेलं की पाळी वाया गेली. जुन्या खाणीचा नकाशा नीट मोजून घ्यायचा तर सर्व्हेअरचा पगार आला. सुरक्षेच्या प्रत्येक कलमासमोर रुपये लिहिलेले असतात. समोरच्या पारड्यात कोण असतो? झरिया-राणीगंजच्या खाणींत आधी उतरले ते बाउरी, भुईया, संथाळ. गावकुसाबाहेरचे आणि रानातले. त्यांच्या जिवाचा भाव टनापेक्षा कमी ठरला, म्हणून भिंत पातळ झाली.

उगाच बोलत नाही, हिशेब देतो. १९५४, छिंदवाडा जिल्ह्यातली न्यूटन चिकली खाण, मेले ६३. तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती, म्हणजे आपल्या उंबऱ्यावरच. १९५६, बंगालमधली बडा धेमो, २८. १९५७ ला ती नियमावली आली. त्यानंतर १९७५, चासनाला, ३७५. १९८३, हुर्रीलाडीह, १९. १९९५, गजलीटांड, ६४, तिथं पावसात कतरी नदीचं पाणी आत घुसलं. २००१, बागडिगी, २९, तिथं शेजारच्या बंद जयरामपूर खाणीतलं पाणी फुटलं. सहा ठिकाणं, ५७८ माणसं. सगळी पाण्यानं. यात आगीनं, वायूनं, छत कोसळून मेलेली धरलेली नाहीत.

आणि चासनाला आहे कुठं? धनबाद जिल्ह्यात. त्याच धनबादमधे १९२६ पासून खाणविद्येचं मोठं विद्यालय. त्याच धनबादमधे १९५६ पासून खाण संशोधन केंद्र. देशातल्या खाणींच्या सुरक्षेचं मुख्य सरकारी कार्यालयही तिथंच. ज्ञानाची तीन देवळं एका गावात, आणि त्याच जिल्ह्यात २७ डिसेंबर १९७५ ला भर दुपारी वरच्या जुन्या खाणीचं पाणी खाली कोसळलं. वर आणायला कुणी जिवंत उरला नाही. ज्ञान नव्हतं असं कुणी म्हणू नये. ज्ञान होतं, छापील होतं, कलमवार होतं. फक्त ज्याच्या डोक्यावर पाणी होतं त्याच्या हातात ते नव्हतं. देवळात ज्ञान आणि पायरीखाली आपण, हा नकाशा मात्र बरोबर उतरला होता.

चार वर्षांनी त्यावरून स्फुरलेला 'काला पत्थर' आला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. धनबादच्या कोर्टानं दोन अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली ती २०१२ साली. एक वर्षाची. घटनेला छत्तीस वर्षं उलटल्यावर.

तरी वर्तमानपत्रं लिहितात 'अपघात'. या शब्दाची मला शिसारी आहे. मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे. माल जास्त निघावा म्हणून आमच्याकडं यंत्राची झाकणं काढून ठेवलेली असतात. शेजारच्या गड्याची दोन बोटं गेली. वहीत लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' झाकण कुणी काढायला लावलं ते वहीत नाय. पुस्तकात ज्याचा धोका लिहून ठेवलाय, ज्याचा उपाय लिहून ठेवलाय, आणि पैसे वाचवायला जो केला नाही, त्याला अपघात म्हणत नाहीत. त्याला हिशेब म्हणतात. पाप मागल्या जन्माचं आणि चूक मेलेल्याची, दोन्हींचा लेखक एकच.

इथं आपले काही क्रांतिकारक मित्र म्हणतील, विज्ञानच भांडवलदाराचं, त्याला आग लावा. मी म्हणतो, थांबा. १३ नोव्हेंबर १९८९. राणीगंजची महाबीर खाण. पुन्हा तेच, पाणी फुटलं. ७१ माणसं आत. सहा बुडाली, ६५ आत अडकली. जसवंतसिंग गिल नावाच्या इंजिनियरनं वरनं नवीन भोक पाडायला लावलं, पोलादाची एक माणूस मावेल एवढी कुपी तिथल्या तिथं बनवून घेतली आणि स्वतः तिच्यात बसून खाली गेला. एकेक करत ६५ च्या ६५ वर काढले. हा गडी शिकला कुठं? त्याच धनबादच्या विद्यालयात. तेच गणित, तेच पोलाद, तेच बोअरचं यंत्र. मग विज्ञानात खोट नाय. ते कुणाच्या बाजूनं उभं आहे एवढाच सवाल. चासनालात ते टनाच्या बाजूनं उभं होतं, महाबीरला माणसाच्या. पण दर खेपेला एक गिल भेटेल या आशेवर आपण बसायचं का? भल्या माणसाच्या दयेवर जगायचं असतं तर आपल्याला चवदार तळ्यावर जायची गरज नव्हती.

तळ्याचं पाणी हक्कानं प्यायला शिकवलं त्याच माणसाकडं पुढं खाणीही आल्या. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मधे ते धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या आत शिरून पाहिल्या. १९४४ च्या सुरुवातीलाच कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. उतरले, पाहिलं, कायदा लिहिला. नुसत्या डोळ्यांत पाणी आणून परतले असते तर कुणी अडवलं नसतं.

आणि आपण? घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड, आपलीच वस्ती कोळशावर बसलीय. तिथल्या आपल्या शाखेत पुतळा आहे, निळा झेंडा आहे, ग्रंथालयही आहे. त्यात खाणीच्या नियमांचं एक तरी मराठी पुस्तक आहे? १९५५ च्या खाण-नियमांत पुढं कामगारांच्या बाजूनं तपासणी करणाऱ्या माणसाची तरतूद आली. आपल्या किती पोरांनी ती जागा मागितली? नकाशा दाखवा म्हणून आपला कुठला मोर्चा निघाला? मोर्चे निघाले ते भरपाईसाठी. म्हणजे माणूस मेल्यावर.

२०१८ च्या डिसेंबरात मेघालयात, बंदी असलेल्या उंदीरबिळासारख्या खाणीत पाणी भरलं, १५ जण आत राहिले. तिथं तर नकाशाच नव्हता. आता कायदे बदलले, नियमावल्या बदलल्या, कलमांचे नंबर बदलले. पाण्याचा दाब बदललेला नाही. दहा मीटरला एक किलो. तो जात बघत नाही. भिंत पातळ करणारा मात्र बघतो.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या अंकाला कविता जरूर पाठवा. काळोखही असू द्या. पण खाणपट्ट्यातल्या प्रत्येक शाखेनं सोबत एक कागद पाठवायचा. आपल्या भागात बंद खाणी किती, त्यांत पाणी किती, चालू खाण त्यांच्यापासून किती मीटरवर, आणि हे विचारल्यावर साहेब काय बोलला. साहेब गप्प बसला तर तेही लिहा, तारखेसकट. आपण ते छापू आणि पाळी सुटताना खाणीच्या तोंडाशी वाटू. जो आत उतरतो त्याला आपल्या डोक्यावर काय आहे ते कळलंच पाहिजे.

जय भीम.