धुऱ्यावरचा तरवड तोडण्याआधी



पांढरकवड्याहून मुकुटबन-वणीकडे निघालं की चुनखडीचा पट्टा लागतो. या दगडाचं सिमेंट होतं. पण हाच चुना वावरात स्फुरद अडकवून ठेवतो. खताचं पोतं पूर्ण पैसे देऊन घ्यायचं, आणि पऱ्हाटीच्या मुळाला त्यातलं थोडंच मिळायचं, हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे.

अशा चुनखडीच्या कोरड्या जमिनीत तरवड खत-पाण्याशिवाय तगतो. पावसाळ्यात भाजीला खुडतो तो तरोटा वेगळा; तरवड हे त्याच कुळातलं बारमाही झुडूप. ओळख सोपी आहे. एका पानावर पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या, देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी हिरवी उपपर्णं, मोठी पिवळी फुलं आणि चपट्या, पातळ शेंगा. फुलात पुंकेसर १०. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. भुंगा गुणगुणत फूल थरथरवतो, तेव्हाच पराग बाहेर पडतात. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून चामडं कमवायला ती पूर्वापार वापरली गेली. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

इथे आमची एक चूक कबूल करतो. शेतकीची पदवी घेऊन आलो तेव्हा आम्ही सभांमधून सांगायचो, तरवड शेंगवर्गीय आहे, हवेतलं नत्र जमिनीत आणतो. ते खरं नव्हतं. तरवडाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. त्याच्या पाल्यातलं नत्र जमिनीतलंच असतं.

मग उपयोग काय? धुऱ्याची माती तो धरून ठेवतो. धुऱ्याच्या मातीतून मुळांनी ओढलेलं अन्न पाल्यात येतं आणि तो पाला आपण वावरात नेऊ शकतो. तमिळनाडूत चोपण जमिनीच्या सुधारणेसाठी हा पाला गाडतात. पाला कुजताना निघणारी आम्लं अडकलेला स्फुरद थोडाफार मोकळा करतात. पावसाळ्यात शेंगा पिकण्याआधी कोवळे शेंडे छाटा, कपाशीच्या दोन तासांमध्ये टाका आणि डवऱ्याने मातीआड करा. बूड राखा, साल सोलू नका. तणनाशकाचा पंप धुऱ्यावर फिरवण्याआधी एवढा विचार करा.

धुऱ्याच्या पाल्यावर अख्खं वावर पिकणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचा हिशेब सरकारकडे मागायचाच आहे. पण जे फुकट उगवतं ते पैसे खर्चून मारायचं, हा तोट्याचा सौदा आपण तरी का करावा?