आईच्या गुडघ्यासाठी 15 मिनिटे

धुणीभांडी, झाडूकाम, हमाली करून आपल्या वस्तीतल्या माणसांचे गुडघे आणि कंबर लवकर दुखू लागतात. फिजिओथेरपीसाठी रोज रुग्णालयात जायचे तर मजुरी बुडते. म्हणून व्हिडिओ कॉलवर शिकवलेला घरचा व्यायाम आम्हाला उपयोगाचा वाटतो. मात्र पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी. मोबाईलवर दिसेल तो व्हिडिओ पाहून व्यायाम करू नये. तो तुमचा गुडघा तपासून बनवलेला नसतो.

गुडघे झिजलेल्यांना बहुधा एक सोपा व्यायाम सांगतात. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, 5 आकडे मोजा, सोडा. असे 10 वेळा. याला लहान खोलीही पुरते. फरक पडायला काही आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नका. पण गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, पाय बधिर पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठा.

घरातल्या तरुणांना आमचे एकच सांगणे आहे. रोज 15 मिनिटे तुमचा मोबाईल आईसमोर ठेवा, आणि तेवढा वेळ तिच्या हातातले काम तुम्ही करा.