पैसे आले, नाव राहिलं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या फलकावर कार्यकारिणीच्या निवडणुकीची मतदारयादी लागली. ३१ मार्चपर्यंत वर्गणी भरलेले तेवढेच मतदार, असा आमचा जुना नियम आहे. यादी लागली त्याच संध्याकाळी गावातल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई काउंटरवर आल्या. गेली तीसहून अधिक वर्षं त्या सभासद आहेत. यादीत त्यांचं नाव नव्हतं. ग्रंथपालांनी संगणकात पाहिलं आणि नेहमीच्या सरळपणाने सांगितलं, "बाई, तुमची वर्गणी आलेली नाही."

बाईंनी पर्समधून मोबाईल काढून बँकेचा संदेश दाखवला. ३० मार्च, तीनशे रुपये वजा. ग्रंथपाल म्हणाले, "तुमच्या खात्यातून गेले असतील, आमच्याकडे आलेले दिसत नाहीत. बँकेत विचारा." बाई बँकेत गेल्या. बँकेने सांगितलं, व्यवहार यशस्वी झाला आहे, ज्याला पैसे दिले त्याला विचारा. तीनशे रुपयांसाठी सत्तरी उलटलेल्या बाईंनी दोन हेलपाटे घातले. तिसऱ्यांदा त्या वाचनालयात न येता माझ्या घरी आल्या. कारण ऑनलाईन वर्गणीचा ठराव दोन वर्षांपूर्वी मीच मांडला होता, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या वाचनालयाचं संकेतस्थळ माझ्या भाच्याने बांधलं आहे, हौसेने आणि फुकट. रात्री त्याला फोन केला. त्याने सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा तक्ता उघडला आणि थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, "मामू, पैसे आलेत. दोन एप्रिललाच आपल्या बँकेत जमा झालेत."

म्हणजे यादी लावली त्या दिवशी बाईंचे पैसे दहा दिवस आमच्या खात्यात पडून होते आणि आम्ही त्यांना 'पैसे आलेले नाहीत' असं सांगत होतो.

हे कसं झालं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण वर्गणी ऑनलाईन घेणाऱ्या कितीतरी छोट्या संस्थांमध्ये आज असंच होत असणार. बाई पुण्याहून लेकीकडून एसटीने परत येत होत्या. मुदत संपायला एक दिवस राहिला म्हणून बसमध्येच त्यांनी मोबाईलवर आमचं संकेतस्थळ उघडलं, वर्गणीचं बटण दाबलं, यूपीआयचा पिन टाकला. पैसे गेल्याचा संदेश आला आणि बस कुंभार्ली घाटात शिरली. रेंज गेली. पैसे भरून झाल्यावर सभासदाचा मोबाईल आपोआप आमच्या संकेतस्थळावर परत येतो आणि 'आभारी आहोत' असं पान उघडतं. माझ्या भाच्याने सभासदत्व नोंदवण्याचं काम त्या पानावर ठेवलं होतं. पान उघडलं की नाव नोंदलं. घाटात ते पान उघडलंच नाही.

असं करू नये, हे प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पैसे मिळाले की कंपनीचा संगणक आपल्या संगणकाला थेट निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. सभासदाचा मोबाईल बंद पडो की घाटात जावो, तो निरोप येतोच. आपला संगणक त्या वेळी झोपला असेल तर पुन्हा पुन्हा येतो. त्या निरोपावर एक सही असते, आपल्याला दिलेल्या गुप्त किल्लीने ती पडताळायची. नाहीतर कोणीही उपटसुंभ 'पैसे भरले' असा खोटा निरोप पाठवून सभासद होईल. तोच निरोप दोनदा आला तर एकाच वर्गणीत दोन वर्षं द्यायची नाहीत, म्हणून व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवायचा. आणि रक्कम किती घ्यायची हे आपल्या संगणकाने ठरवायचं, समोरच्याच्या ब्राउझरने नव्हे. नाहीतर थोडं तांत्रिक डोकं असलेला पोरगा तीनशेचे तीन करून मोकळा होतो. यातलं पहिलं सोडून बाकी सगळं भाच्याने केलं होतं. कंपनीच्या तक्त्यात वेबहुकचा रकाना रिकामा होता. मीही कधी विचारलं नाही. मी फक्त बटण चालतं का ते पाहिलं. चाललं, म्हणून टाळ्या वाजवल्या.

मग आमच्या खजिनदारांना तरी दोन एप्रिलला कळायला नको होतं का? इथे दुसरी गोम आहे. कंपनी दिवसभराचे पैसे एकत्र करून, आपलं शुल्क कापून, एक-दोन कामाच्या दिवसांनी एकच रक्कम बँकेत टाकते. पासबुकात एक ओळ येते. त्या ओळीत कोणाचंही नाव नसतं. नावं कंपनीच्या तक्त्यात असतात, आणि तो तक्ता वर्षभरात कोणी उघडला नव्हता. खजिनदारांनी वर्षाअखेरीला एकूण बेरीज जुळवली, ती जुळली. नावं जुळवली नाहीत.

कार्यकारिणीच्या बैठकीत या प्रसंगावर बोलणं झालं तेव्हा दोन सूर निघाले. एक म्हणाला, बंद करा हे ऑनलाईन, आपलं पावतीपुस्तक बरं होतं. दुसरा म्हणाला, उलट सगळं ऑनलाईनच करा, म्हणजे काउंटर आणि संगणक असे दोन हिशेब राहणार नाहीत. मला दोन्ही पटत नाहीत.

आपण या कंपनीला पैसे कशाचे देतो, हे आधी समजून घेऊ. अशा सेवा बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क घेतात. तीनशेच्या वर्गणीवर सहा रुपये. नुसते पैसे पोहोचवायला हे सहा रुपये लागतच नाहीत. यूपीआयवर दुकानदाराकडून बँकेने शुल्क घेऊ नये असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. चहाच्या टपरीवर लावतात तसा बँकेचा क्यूआर काउंटरवर चिकटवला तर तीनशेचे तीनशे खात्यात येतील, त्याच क्षणी. पण मग कोणते तीनशे कोणाचे, हे ग्रंथपालांना बारा आकडी क्रमांकावरून एकेक जुळवत बसावं लागेल. नवऱ्याच्या खात्यातून बायकोची वर्गणी, मुलाच्या खात्यातून बापाची. सहा रुपये आपण मोजतो ते या जुळवणीसाठी. कोणत्या सभासदाचे, कशाचे, कधीचे, हे पैशाबरोबर बांधून आणण्यासाठी. आम्ही दोन वर्षं तो मोबदला दिला, पैसे ठेवून घेतले आणि बरोबर आलेलं नाव फेकून दिलं. कंपनीचा यात दोष नव्हता. तिने तिचं काम केलं होतं.

म्हणून बंद करायचं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असं, की जे विकत घेतलंय ते आधी वापरून तर बघू. आमचे चारशेच्या आसपास सभासद. त्यातले बरेच मुंबईला, पुण्याला, काही कुवेत-दुबईला. ते काउंटरवर येणार नाहीत.

आणि सगळं ऑनलाईन करा म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की, ज्या मच्छीमाराच्या पोराने गेल्या वर्षी सुट्ट्या नोटा मोजून वर्गणी भरली, त्याला आपण कोणतं बटण दाखवणार आहोत? वाचनालय सार्वजनिक आहे. रोखीने भरणारा आणि मोबाईलने भरणारा एकाच नोंदवहीत, एकाच क्रमाने आला पाहिजे. ती नोंदवही आमची असली पाहिजे, कंपनीच्या तक्त्यातली नव्हे. उद्या कंपनी बदलली तर सभासद बदलत नाहीत.

एक गोष्ट मला या निमित्ताने फार लागली, ती अनामत रकमेची. नव्या सभासदाकडून आम्ही पाचशे रुपये अनामत घेतो. हा शब्द मूळ अरबी 'अमानत'. आमच्या घरात तो फार जड शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली, ती जशीच्या तशी परत करायची. ऑनलाईन आलेल्या पाचशेतून दहा रुपये कापले जातात आणि आमच्या बँकेत चारशे नव्वद येतात. सभासदाचं देणं मात्र पाचशेच राहतं. दोन वर्षं आमच्या हिशेबात अनामत म्हणून चारशे नव्वद लिहिले जात होते! दहा रुपये हा संस्थेचा खर्च आहे, तो खर्चाच्या खात्यावर पडला पाहिजे, अमानतीतून कापला जाता कामा नये. शिवाय भाच्याने अनामत आणि वर्गणी मिळून आठशेचं एकच बटण ठेवलं होतं, त्यामुळे कोणते पैसे परत करायचे आणि कोणते नाहीत हे कागदावर कुठेच वेगळं दिसत नव्हतं. सभासद सात-आठ वर्षांनी गाव सोडतो तेव्हा अनामत मागतो. इतक्या जुन्या व्यवहाराचा परतावा कंपनीमार्फत होईल या भरवशावर राहू नये, तो आपल्या खात्यातूनच द्यावा लागतो. आणि तेव्हा आजचा भाचाही संकेतस्थळ सांभाळायला असेलच असं नाही.

परताव्यावरून आठवलं. या सेवेसाठी नाव नोंदवताना पॅन, धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, बँकेचा तपशील यांच्याबरोबर संकेतस्थळावर परताव्याचं धोरण लिहिलेलं असावं लागतं. आमच्या संकेतस्थळावर ते आहे. परवा पहिल्यांदा वाचलं. त्यात 'न वापरलेली वस्तू मूळ वेष्टनासह सात दिवसांत परत करावी' असं लिहिलंय. कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानावरून उचललेलं. त्याखाली आमच्या अध्यक्षांचं नाव आहे.

आखाती देशांतल्या सभासदांसाठी परदेशी कार्डं चालू करा, अशीही मागणी आहे. तक्त्यात तेही एक बटणच दिसतं, पण ते बेताने दाबावं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईतून स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत देणगी देतो तेव्हा ती परदेशी देणगी ठरत नाही. तोच माणूस ब्रिटिश पासपोर्टधारक झाला असेल तर त्याची देणगी २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येते, आणि त्याची नोंदणी आमच्याकडे नाही. कार्डावर पासपोर्ट लिहिलेला नसतो. तेव्हा देणगी आणि वर्गणी वेगळी ठेवा, आणि देणगीच्या अर्जात नागरिकत्व विचारा. दुबई, कतार, ओमान, सौदी इथल्या मोबाईल क्रमांकावर एनआरई-एनआरओ खातं जोडून यूपीआय वापरण्याची सोय २०२३ पासून झाली आहे. आमच्या बऱ्याच जणांचं काम तेवढ्यात भागेल. कुवेतवाल्यांचा प्रश्न उरतो, तो त्यांचे भाऊ इथे काउंटरवर येऊन वर्षानुवर्षं सोडवतच आहेत.

दरवर्षी आपोआप पैसे कापण्याची परवानगी सभासदाकडून एकदाच घेऊन ठेवावी, अशी सूचना एका तरुण सदस्याने केली. म्हणजे कोणाची मुदत चुकणारच नाही. नियमाने ते करता येतं, आणि रिझर्व्ह बँकेने त्यावर चांगले बंध घातले आहेत. कापण्याच्या चोवीस तास आधी कळवावं लागतं. पण पंधरा हजारांच्या आतली रक्कम दरवेळी वेगळा ओटीपी न मागता जाते, आणि आमची तर तीनशेच आहे. माझा याला विरोध आहे. आमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातून वाचनालय वर्गणी कापत राहील आणि त्याच्या बायकोला ते थांबवायला कोणाला फोन करायचा हेही कळणार नाही. वर्षातून एकदा सभासदाने स्वतः ठरवून पैसे द्यावेत, हे थोडं गैरसोयीचं असलं तरी असू द्या.

आता मुख्य मुद्दा. चूक झाली तेव्हा शोधाशोध बाईंनी करायची, असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. 'बँकेत विचारा' याचा अर्थ तोच. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात बँकांना नेमकं उलटं सांगितलं आहे. यूपीआयने पैसे खात्यातून गेले आणि घेणाऱ्याकडे नोंद पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. बाईंच्या बाबतीत हा नियम लागूच झाला नाही, कारण बँक आणि कंपनी यांच्या लेखी पैसे नीट पोहोचले होते. अडखळले ते आमच्या दारात. तिथे कोणाचाही नियम चालत नाही, आमचाच हवा.

म्हणून मी लेखी सुचवलं आहे की सभासदाने पैसे गेल्याचा संदेश दाखवला की त्याला त्याच दिवशी सभासद मानावं, क्रमांक लिहून घ्यावा, आणि पैसे कुठे आहेत हे वाचनालयाने शोधावं. सात दिवसांत सापडले नाहीत तर मग त्याच्याशी बोलावं. 'लोक खोटे संदेश दाखवतील,' असं एक जण म्हणाले. तीनशे रुपयांच्या वर्गणीसाठी, जिथे सगळे एकमेकांना बापाच्या नावाने ओळखतात? दाखवू देत. एखाद्या लबाडाने वर्षभर फुकट पुस्तकं वाचली, तर ते नुकसान मला चालेल.

भाच्याने वेबहुक जोडला आहे. रोज रात्री कंपनीचा तक्ता आणि आमची नोंदवही शेजारी ठेवून न जुळलेली नावं ग्रंथपालांना पाठवायची सोयही त्याने केली. पहिल्याच रात्री गेल्या दोन वर्षांतली अकरा नावं निघाली. त्यातल्या नऊ जणांनी काउंटरवर येऊन पुन्हा रोख वर्गणी भरली होती, मुकाट्याने. त्यांचे पैसे परत करायचे आहेत. दोघांनी वाचनालय सोडलं.

त्या दोघांकडे मी रविवारी जाणार आहे. बाईंचं नाव यादीत शाईने वर लिहिलं आहे, त्यांनी मतदानही केलं. पावती मात्र अजून छापील हवी म्हणतात, सहीची.