आई गोरी कधी झाली?

आई गेली त्याला आता चार वर्षे होतील. दिवसकार्यासाठी तिचा एक मोठा फोटो हवा होता. शोधाशोध केल्यावर पुतण्याच्या मुंजीतला एक सापडला. पोलक्यावर पांढरे ठिपके असलेली साडी, पदर खांद्यावरून घेतलेला, कुणाशी तरी बोलताना किंचित हसलेली. दोष एकच होता. मांडवाचे कापड निळे असल्याने चेहऱ्यावर निळसर छटा आली होती. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत फोटो देताना मी म्हणालो, "जरा रंग नीट करून द्या."

दुसऱ्या दिवशी चंदनी फ्रेममध्ये घालून जो फोटो घरी आला, त्यातली बाई गोरीपान होती. कपाळावरच्या आठ्या नाहीत, गालावरचा तीळ नाही. माझ्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "ही कोण?" त्या दिवशी घरात कुणाला बोलायची शुद्ध नव्हती. फुले वाहिली गेली, तेरावाही झाला, पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना.

फोटोतला रंग दुरुस्त करू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॅमेऱ्याला आपल्यासारखी समज नसते. ट्यूबलाइटखाली तो चेहरा हिरवट करतो, पिवळ्या दिव्याखाली नारिंगी. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की सारे चित्र फार उजळ आहे असे समजून तो उजेड कमी करतो आणि पुढचा माणूस काळवंडतो. हे सारे सुधारायलाच हवे. पण प्रकाशाचा दोष काढणे वेगळे आणि माणसाचा रंग हाच दोष समजून तो काढणे वेगळे. आपल्याकडे या दोन्हींना एकच शब्द आहे: 'नीट करणे'.

याचे मूळ केवळ आपल्या स्टुडिओवाल्यांत नाही. रंगीत फोटोंच्या छपाईसाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' हे नाव पडले. शर्लीचा चेहरा बरोबर छापला गेला की यंत्र बरोबर लागले! सावळ्या माणसांचे चेहरे त्यात डोळे आणि दात सोडून अंधारात बुडत. तक्रारींकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. फिल्म सुधारण्याची निकड भासली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी आपल्या मालातला फरक फोटोत दिसत नाही अशी ओरड केल्यावर, असे सांगितले जाते. माणसापेक्षा कपाटाचे भाग्य थोर म्हणायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड आले ते नव्वदच्या दशकात.

आपण मात्र शर्लीला घरात आणून बसवले आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातले 'फेअर' गेले, पण लग्नाच्या जाहिरातीतली 'गोरी' काही गेली नाही. मराठीत गव्हाळ, निमगोरा, सावळा असे किती सुंदर शब्द आहेत. त्यातला प्रत्येक शब्द मुलगी दाखवताना कसा पुटपुटला जातो ते आठवून पाहा. विठ्ठल सावळा चालतो, सून चालत नाही.

महिनाभराने मी पुन्हा स्टुडिओत गेलो. संगणकावर बसलेला मुलगा विशीबाविशीचा होता. मी रागावलोच होतो. तो शांतपणे म्हणाला, "काका, सगळे गोराच करून मागतात. नाही केला तर फोटो परत येतो." यावर मी काय बोलणार? मुंजीच्या अल्बमात माझा स्वतःचा चेहराही उजळ केलेला होता आणि तो मी कौतुकाने चार जणांना दाखवला होता.

त्याने मूळ फोटो पुन्हा उघडला. साडीवरचे ठिपके पांढरे आहेत, हे मला ठाऊक होते. त्या ठिपक्यांवरून त्याने निळी झाक काढली. मग पडद्याकडे बोट दाखवून एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. गोरा असो की काळा, माणसाच्या त्वचेच्या रंगाची जात जवळपास एकच असते, कारण आत सगळ्यांचे रक्त तेच. फरक मुख्यतः असतो तो उजळ-गडदपणाचा. तेव्हा छटा दुरुस्त करायला चेहरा उजळ करावा लागतच नाही.

"आता सांगा, आजींचा रंग नेमका किती गडद?" त्याने विचारले. आणि मला सांगता येईना! पन्नास वर्षे जिच्या हातचे जेवलो, तिचा रंग शब्दांत काय, डोळ्यांपुढेही नीट येईना. शेवटी ताईला बोलावून घेतले. ताई अगदी आईच्या वर्णाची. तिने बांगड्या मागे सारून हात पडद्याशेजारी धरला. मुलगा थोडे गडद करी, ताई म्हणे, "अजून." तीळ परत आला. आठ्या परत आल्या. मग ताईने हात खाली घेतला आणि पदराने डोळे टिपले.

तो फोटो आता दिवाणखान्यात आहे. दिवाळीत मावशी आली तेव्हा म्हणाली, "जरा काळा आलाय का रे फोटो?" ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "नाही, बरोबर आलाय."

आधीचा गोरा फोटो कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला आहे. ती आई नव्हे हे कळते, पण टाकून द्यायला हात होत नाही.