सामाईक रस्त्याची डागडुजी

पावसाळा सरत आला कीं वसाहतींतील अंतर्गत रस्त्यांचें खरें स्वरूप उघडें पडतें. फाटकाबाहेरचा रस्ता वाईट असला तर नगरपालिकेस बोल लावून आपण मोकळे होतों. परंतु फाटकाच्या आंतला रस्ता कोणीं नीट करावयाचा, असा प्रश्न निघाला म्हणजे सर्वच गप्प बसतात. तो रस्ता सर्वांचा असतो आणि म्हणूनच व्यवहारांत तो कोणाचाच राहत नाहीं. सामाईक विहिरीचा गाळ कोणीं उपसावयाचा, यावरून भाऊबंदांत पूर्वीं जो वाद होई, तोच आतां शेजाऱ्याशेजाऱ्यांत या रस्त्यावरून होऊं लागला आहे. त्या वादाचा थोडा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

सहकारी गृहसंस्था ही कांहीं आपल्याकडे आजची गोष्ट नाहीं. मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं १९१५ सालीं आपली संस्था स्थापिली, त्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालीं नोंदलेल्या अशा संस्था आज शहरोशहरीं आहेत. त्यांच्या आवारांतील रस्ता जोंपर्यंत नगरपालिकेच्या ताब्यांत रीतसर दिलेला नाहीं, तोंपर्यंत त्याची निगा सामान्यतः सभासदांनींच राखावयाची असते.

रस्ता बिघडतो तो गाड्यांच्या भारानें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. रस्त्याचा मोठा वैरी पाणी. खडीच्या रस्त्यांस ज्याचें नांव मिळालें, त्या जॉन मॅकॅडमनें (१७५६-१८३६) हेंच तत्त्व प्रतिपादिलें होतें. भार खरोखर वाहते ती खालची जमीन. ती कोरडी राहिली तर वाटेल तें ओझें सोशील. आणि खडीचा थर म्हणजे तिच्यावरचें छप्पर. आपल्या डांबरी रस्त्यासही हें लागू आहे. उन्हानें व काळानें डांबर कडक होऊन त्यास तडे जातात, तड्यांतून पाणी आंत शिरतें, खालची माती भिजून मऊ पडते, आणि मग पाण्याचा एखादा जड टँकर वरून गेला कीं खड्डा पडतो. असें असतां पाण्यास वाट न देतां केवळ खड्ड्यांत खडी ओतीत राहणें, म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

यावरून कामाचा क्रम आपोआपच ठरतो. प्रथम गटारें व पावसाळी नाल्या मोकळ्या कराव्या. नंतर रस्त्याखालच्या जुन्या नळांची पाहणी करून गळके नळ बदलावे, आणि पुढें तारा ओढावयास लागतील म्हणून रिकाम्या नळ्या आडव्या घालून ठेवाव्या. नवा रस्ता केल्यावर महिन्याभरांतच तो खणावा लागावा, यासारखी उधळपट्टी दुसरी नाहीं. त्यानंतर रस्त्याची पाठ मध्यें उंच ठेवून दोन्ही कडांकडे दर मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर उतार द्यावा. खड्डा बुजवावयाचा तर त्याच्या कडा सरळ कापून, आंतील सैल माती काढून व डांबराचा हात देऊन मगच भरावा.

जुन्या थरावर नवा थर चढवीत जाण्याची संवयही घातक आहे. प्रत्येक वेळीं रस्ता दोन बोटें उंच होतो आणि शेवटीं तळमजल्याच्या जोत्याशीं पाणी येऊन ठेपतें. म्हणून आधीं जुना थर खरवडून काढावा. सिमेंटचा रस्ता केल्यास त्यावर पाणी राखण्यांत कसूर करूं नये; त्याची ताकद मोजण्याचा दंडकच मुळीं २८ दिवसांचा आहे, तेव्हां तो गाड्यांस खुला करण्याची घाई नको. झाडांच्या बुंध्याभोंवतीं मात्र माती मोकळी सोडावी. आजोबांनीं लाविलेला आंबा नातवांच्या रस्त्यानें गुदमरूं नये.

आतां पैशाचा प्रश्न. संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चावर दरसाल ०.७५ टक्के दुरुस्तीसाठीं आणि ०.२५ टक्के निधि पुढील मोठ्या कामांसाठीं घेण्याची तरतूद आहे. वर्गणी लहान दिसावी म्हणून पुष्कळ ठिकाणीं ही तरतूद नांवापुरतीच राहते, आणि मग एकदम मोठी रक्कम मागण्याची पाळी येते. अशा वेळीं फाटकाशेजारचा गृहस्थ म्हणतो, "आंतल्या रस्त्याशीं माझा काय संबंध?" आणि ज्यांच्या घरीं वाहन नाहीं, ते म्हणतात, "ज्यांच्या तीन तीन गाड्या, त्यांनींच द्यावें."

हें म्हणणें अगदींच निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. पण रस्ता केवळ गाडीवाल्यांचा असतो काय? दूधवाला त्याच रस्त्यानें येतो, शाळेचीं मुलें त्याच रस्त्यानें जातात, आणि रात्रीं-अपरात्रीं रुग्णवाहिका त्याच रस्त्यानें दाराशीं यावयाची असते. काठी टेंकीत फिरावयास निघणाऱ्या वृद्धास गाडी नसली, तरी खड्ड्याचें भय गाडीवाल्याहून अधिक त्यालाच आहे. ज्यांचें सर्व कांहीं निवृत्तिवेतनावर चालतें, त्यांना हप्ते बांधून द्यावे. परंतु वाट्यांतून कोणासही वगळूं नये. ज्यानें वाटा दिला नाहीं, त्यास आपुलकीही वाटत नाहीं.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्यानें ३० सप्टेंबरच्या आंत भरावयाची असते. खड्डे ऐन भरांत आलेले असतात, ते त्याच सुमारास! तेव्हां सभेच्या आदल्या दिवशीं चार सभासदांनीं वहींत कोठें पाणी सांचतें तें टिपून घ्यावें. सभेंत तो विषय शेवटीं न ठेवतां पहिला घ्यावा. थराची जाडी, कामाचें माप, आणि दोष निघाल्यास ठेकेदारानें किती मुदतींत तें विनामूल्य सुधारून द्यावयाचें, हें करारांत स्वच्छ लिहावें. कांहीं रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. दिवाळीनंतर काम सुरू झालें, तर मृगाच्या कितीतरी आधीं रस्ता तयार होईल. घराचा उंबरठा आपण रोज सारवीत वा पुशीत असतों. वसाहतीचा रस्ता हा आपणां सर्वांचा उंबरठाच आहे, एवढें ध्यानीं राहिलें म्हणजे पुरे.