एक्स-रे नॉर्मल, म्हणून गँगमन ढोंगी?

जबलपूर काय, भुसावळ काय, कंबर धरलेल्या गँगमनचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की साहेबाच्या लेखी तो कामचुकार! अहो, एक्स-रेत हाड दिसते, स्नायू नाही. मणक्यालगतचा मल्टिफिडस स्नायू सोनोग्राफीत दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या ज्युली हाइड्स यांनी १९९४ साली त्यातूनच दाखवले की दुखऱ्या बाजूचा हा स्नायू बारीक होतो. १९९६ साली दाखवले की दुखणे थांबले तरी तो आपोआप भरत नाही, नेमका व्यायाम शिकवावा लागतो. सोनोग्राफी वेदना मोजत नाही, हे मान्य. एक्स-रे तरी कुठे मोजतो? मीटरला ६० किलो भरणारा रूळ हलवणाऱ्याला, टपालाच्या थैल्या उचलणाऱ्याला फिट देण्याआधी फिजिओथेरपी द्या. तोवर हलकी ड्यूटी, पूर्ण पगारी!